लोक एवढे चिडलेत, मग ग्रामसभेत गप्प का बसतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही गोव्यातल्या सांगे तालुक्यातले, बाबांचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते, लोहखनिजाचं मायनिंग बंद झाल्यावर पडेल भावात विकले, आता तुम्ही टॅक्सी चालवता आणि धंदा निम्म्यावर आलाय. तिंट्यावर (तिठ्यावर), बारमध्ये, लग्नाच्या पंगतीत जो तो सरकारला आणि पुढाऱ्यांना शिव्या घालतो आणि मतदान झालं की परत तीच माणसं खुर्चीत. तुम्ही विचारलंय की आपल्या लोकांना काही वाटतच नाही का, आणि आईला गृहआधार (सरकारकडून बायकांना मिळणारे महिन्याचे पैसे) मिळतो, भाऊ सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे, अशा घरातल्या माणसाने तोंड उघडावं की गप्प राहावं.

मी डिचोली तालुक्यातली. बावीस वर्षं एका पतसंस्थेत होते, त्यातली शेवटची काही वर्षं वसुलीला, म्हणजे नेमकी मायनिंग बंद पडल्यानंतरची. मग 2017 ते 2022 एक टर्म पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य होते. आता इलेक्शन लढवत नाही पण लोकांचे अर्ज, आरटीआय, ग्रामसभेत विचारायचे प्रश्न लिहून द्यायचं काम रोजचं चालू आहे. कुठल्याच पक्षाची नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात कोणाची बाजू शोधू नका.

आधी ते "लोकांना काही वाटत नाही" हे डोक्यातून काढा, कारण ते खरं नाही. 2012 च्या मार्चमध्ये लोकांनी काँग्रेसचं सरकार घालवलं आणि भाजपला 40 पैकी 21 जागा दिल्या. पाच वर्षांनी 2017 ला त्याच लोकांनी त्याच भाजपला 13 वर आणलं, मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रेत हरले, आणि काँग्रेस 17 जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष झाला. म्हणजे नोटबंदी, बंद पडलेलं मायनिंग, महागाई, सगळ्याचा राग लोकांनी बटण दाबून व्यवस्थित सांगितला होता. तरी सरकार भाजपचंच झालं, कारण गोवा फॉरवर्ड, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि अपक्ष तिकडे गेले. मग 2019 च्या जुलैत काँग्रेसचे 10 आमदार भाजपमध्ये गेले. 2022 ला काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देवळात, बांबोळीच्या क्रॉससमोर आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली, 11 निवडून आले, त्यातले 8 सप्टेंबरमध्येच गेले. त्याच 2022 ला भाजपला साधारण 33 टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या 20, कारण बाकीची मतं पाच-सहा जणांत वाटली गेली. आमच्या शेजारच्या साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी वाचले. एवढं सगळं झाल्यावर लोक मुर्दाड आहेत असं म्हणणं मला पटत नाही, मतदाराने त्याच्या हातात होतं ते केलं, ते मत नंतर कुठे गेलं हा वेगळा विषय.

मग खरा प्रश्न काय उरतो? माझ्या मते हा, की दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत हीच चिडलेली माणसं गप्प का असतात. आणि ह्याचं उत्तर मला पंचायतीत नाही, त्याच्या आधी वसुलीला फिरताना मिळालं.

2012 च्या 10 सप्टेंबरला राज्य सरकारने मायनिंग थांबवलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्या वर्षी 19 तारखेला होती. डिचोलीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारात दर वर्षी उभं राहायला जागा नसते, त्या वर्षीही गर्दी होतीच पण लोक भाव विचारून पुढे जात होते, आणि माझ्या ओळखीचा एक ट्रकमालक, ज्याच्याकडे तीन ट्रक होते, तो सुपारीचा एक घड आणि थोडी फळं एवढंच घेऊन निघालेला मी पाहिला. तेव्हा सगळे म्हणायचे दोन महिन्यांत चालू होईल. 5 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि मग दोन महिने वगैरे विषयच संपला.

पुढच्या मे महिन्यात त्याच माणसाच्या घरी मी हप्त्यासाठी गेले. तीनपैकी एक ट्रक अंगणात, बॅटरी काढून आत ठेवलेली, चाकांभोवती गवत, आणि हौद्यात त्याच्या बायकोने रातांब्याची सोलं वाळत घातलेली. ज्या हौद्यातून खनिज जायचं तिथे सोलं. मला ते बघून बोलायला सुचेना. तो मात्र भडाभडा बोलला, मुख्यमंत्री, आमदार, कोर्ट, कंपनी, कोणाला सोडलं नाही, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी सकाळी एका कामासाठी आमदाराच्या घरावरून जात होते, तर बाहेरच्या बाकावर हाच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. मुलीच्या नोकरीसाठी आला होता. मला बघून उठून बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "तोंड उगडलें जाल्यार चलयेची नोकरी वतली." म्हणजे तोंड उघडलं तर मुलीची नोकरी जाईल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. धंदा बरा चालतो तेव्हा माणसाला आमदाराची गरज कमी असते, आणि रागही कमी असतो. मंदी आली की राग वाढतो पण त्याच बरोबर गरजही वाढते, आणि दोन्ही एकाच माणसाच्या दारात जाऊन उभी राहतात. राग बारमध्ये निघतो आणि गरज आमदाराच्या बाकावर बसते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हे लोक ढोंगी आहेत, पण ज्याच्या घरी तीन हप्ते थकलेत आणि जामीनदार रोज फोन करतोय त्याला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यात आपलं राज्य लहान. चाळीस मतदारसंघ, एकेका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार, आमदाराला तुमच्या आजोबांचं नाव ठाऊक असतं. मुंबई-पुण्याचे लोक म्हणतात किती छान, आमदार घरी भेटतो. भेटतो हे खरं, पण ग्रामसभेत कोण काय बोललं हे संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पोचतं हेही खरं. आणि नुसती नोकरी नाही हो, घर. आपल्याकडे किती घरं भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नाहीतर कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक) जमिनीवर आहेत, मुंडकाराचं, म्हणजे त्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव लागलेलं नाही, वीज कनेक्शन आहे पण घर नंबराची फाईल अडकलेली, मागे एक खोली वाढवली ती परवान्याशिवाय. अशा माणसाला रस्त्यावर उतर म्हणणं सोपं आहे, पण उद्या त्याच्या खोलीची तक्रार झाली तर आपण कोणी त्याच्या मागे उभे राहणार आहोत का? मी पंच असताना असं होताना बघितलंय, एका बाईने ग्रामसभेत रस्त्याच्या कामावर प्रश्न विचारला आणि महिनाभरात तिच्या घराच्या शेडवर निनावी तक्रार आली. शेड वीस वर्षं तिथेच होती.

म्हणून मी सरसकट "बोला, घाबरू नका" असं कोणालाच सांगत नाही. परिस्थिती बघून सांगते. तुमच्या घरात सरकारी नोकरीची वाट कोण बघतंय, घराची कागदपत्रं कशी आहेत, धंद्याचं लायसन्स कोणाच्या हातात आहे, ह्यावर अवलंबून असतं. ज्याची निवृत्ती झालीय, घर स्वतःच्या नावावर आहे, मुलं मार्गी लागलीत, त्याने पुढे व्हायला पाहिजे आणि तोच माणूस बहुतेक वेळा घरी बसून टीव्ही बघतो, हे मात्र मला खटकतं.

आता दुसरी गोष्ट, जी मी पतसंस्थेत असताना शिकले. राग कशाचा आणि तो कुठे नेऊन टाकायचा हे आपण कधी वेगळं करतच नाही. तुम्ही लिहिलंय "सरकारने मायनिंग बंद करून आमची वाट लावली". हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. नीट बघा काय झालं ते. खाणींच्या लीजची मुदत 2007 च्या नोव्हेंबरमध्ये संपलेली. त्यानंतरही खणणं चालू होतं, उलट चीनच्या मागणीमुळे जोरात, वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास माल जायचा. तेव्हा राज्यात काँग्रेस, दिल्लीत काँग्रेस. बेकायदा मायनिंगची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल 2012 ला आला, त्यात साधारण 35,000 कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता. 2014 च्या 21 एप्रिलला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2007 नंतरचं सगळं बेकायदा, आणि वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. मग भाजपच्या सरकारने लिलाव न करता 88 लीज परत त्याच लोकांना रिन्यू करून दिल्या, आणि 2018 च्या 7 फेब्रुवारीला कोर्टाने त्या रद्द केल्या, मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. लिलावाला शेवटी 2022 चा डिसेंबर उजाडला. आणि मध्ये जे थोडं चालू झालं होतं तेव्हा 2015 च्या शेवटी जगातला भावच पडलेला, टनाला 40 डॉलरच्या घरात, म्हणून खेपा मिळाल्या नाहीत. भाव गोवा सरकार ठरवत नाही, निर्यातकर दिल्ली ठरवते.

म्हणजे ह्या एका वाक्यात चार वेगवेगळे राग आहेत. मुदत संपूनही खणू दिलं तो एक, लिलाव न करता लीज परत दिल्या तो दुसरा, बंद झाल्यावर माणसांची सोय वेळेवर केली नाही तो तिसरा, आणि भाव पडला तो चौथा. चौथ्यासाठी सरपंचाला शिव्या देऊन काही होत नाही. पहिल्या दोघांसाठी कोणी सह्या केल्या ते कागदावर आहे. आणि तिसरा, तो पूर्णपणे पणजीतल्या सरकारचा, त्यात कोर्ट मध्ये येत नाही. ट्रकमालकांसाठी अर्थसाह्य आलं, कर्जसवलतीची योजना आली, पण मी ज्या फाईली हाताळल्या त्यात ज्याने कागद नीट ठेवले होते त्याला मिळालं, आणि ज्याचा ट्रक भावाच्या नावावर, परमिट स्वतःच्या, कर्ज बायकोच्या नावावर, तो राहिला. गॅरेजवाला, टायरवाला, जेटीवर चहा विकणारी बाई, ह्यांचा तर हिशेबच नव्हता. ह्या तिसऱ्या रागावर पुढाऱ्यांना बारा वर्षांत कोणी नीट उभं करून विचारलं नाही कारण आम्ही सगळे पहिला-दुसरा-चौथा एकत्र करून ओरडत होतो आणि समोरचा आरामात म्हणायचा की मॅटर कोर्टात आहे.

बरं, गोव्यात सरकारला झुकवल्याची उदाहरणं कमी नाहीत. रीजनल प्लॅन 2011 आठवा, म्हणजे 2011 पर्यंत कुठली जमीन कशाला वापरायची त्याचा आराखडा, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणेंच्या सरकारने तो प्लॅन मागे घेतला. त्याच वर्षाच्या शेवटी एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द झाले. सत्तरीत मेळावलीला आयआयटी होणार होती, बायका काजूच्या बागेत ठाण मांडून बसल्या, जानेवारी 2021 मध्ये पोलिसांशी झटापट झाली, आणि नंतर त्या मतदारसंघाचे आमदार, मंत्री विश्वजित राणे ह्यांनीच प्रकल्प रद्द करा म्हटलं आणि मुख्यमंत्र्यांनी तो तिथून हलवला. ह्यात बघण्यासारखं काय आहे सांगते. एक म्हणजे सरकार पडलं नाही, 2007 ला तर त्यानंतरच्या निवडणुकीत काँग्रेसच परत आली, पण मागणी मान्य झाली. दुसरं म्हणजे प्रत्येक ठिकाणी मागणी एका ओळीची होती, हा प्लॅन रद्द, ही जागा सोडा. "सरकार चोर आहे" ही मागणी नाही, त्यावर हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, मेळावलीच्या बायका ज्या जागेवर बसल्या ती काजूची बाग त्यांच्या पोटाची होती, आमदाराने दिलेली नव्हती. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं आमदाराच्या हातात फारसं नव्हतं.

मंदीत उलट असतं, मंदीत रोजगार मागायचा असतो आणि देणारा तोच असतो. म्हणून बेकारीवर आंदोलन उभं राहत नाही आणि जमिनीवर राहतं. हे माझं निरीक्षण आहे, कोणी वेगळं सांगेल तर ऐकायला आवडेल.

आता तुमच्या घराचं. मी लोकांना पहिल्यांदा एक कागद घ्यायला सांगते आणि घरात सरकारकडून जे जे येतं ते दोन रांगांत लिहायला लावते, एका बाजूला हक्काचं आणि दुसऱ्या बाजूला मर्जीचं. आईचं गृहआधार हक्काचं. नियम छापलेले आहेत, लग्न झालेली बाई, घराचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत, गोव्यात 15 वर्षं वास्तव्य, महिन्याला 1500 रुपये. आमदाराने फॉर्मवर सही केली म्हणून ते त्याच्या खिशातलं होत नाही. आजीला दयानंद सामाजिक सुरक्षा पेन्शनचे 2000 मिळत असतील तर तेही हक्काचं. रेशन, टॅक्सीचं परमिट, हक्काचं. भावाचा कॉन्ट्रॅक्ट मात्र मर्जीचा, तो दर वर्षी रिन्यू होतो आणि कोणाच्या सांगण्यावरून होतो हे आपल्याला माहीत आहे, इथे भीती खरी आहे आणि तुमच्या घरचे उगाच घाबरत नाहीत. म्हणून भावाचं नाव कुठेच येऊ देऊ नका, त्याची सही घेऊ नका, त्याला मीटिंगला नेऊ नका. पण एका मर्जीच्या गोष्टीसाठी चार हक्काच्या गोष्टींवरही अख्खं घर गप्प बसतं, ते चुकतंय. मी बघितलेल्या दहातल्या सात-आठ घरांत हेच होतं, कागदावर लिहिल्यावर लोक स्वतःच म्हणतात, अरे, हे तर आमचंच आहे.

मग प्रश्न तयार करायचा. आमच्या गावात 2018 च्या उन्हाळ्यात तीन वाड्यांना टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. बायका माझ्याकडे आल्या, सरकार झोपलंय, मोर्चा काढूया. मी म्हटलं काढू, पण आधी एक प्रश्न विचारू, ह्या तीन वाड्यांच्या पाईपलाईनसाठी जिल्हा खनिज निधीतून पैसे मागणारा अर्ज गेलाय का, कुठल्या तारखेला, आणि आता कोणाच्या टेबलावर आहे. एवढाच. 61 बायकांच्या सह्या, पंचायतीत देऊन इनवर्ड नंबर (पत्र पोचल्याचा आवक क्रमांक) घेतला. ग्रामसभेला कोरम नव्हता, अर्धा तास तहकूब करून परत सुरू झाली, आणि उत्तर काय आलं, तर अर्ज गेलेलाच नाही. मी स्वतः पंच होते आणि मलाही माहीत नव्हतं, ह्याची मला अजून लाज वाटते. ज्या निधीत आमच्याच तालुक्याच्या खनिजाचे पैसे पडून होते त्यातून कोणी मागितलेच नव्हते आणि आम्ही दोन वर्षं पणजीला शिव्या घालत होतो. मग अर्ज गेला, मी आरटीआय टाकून मागोवा ठेवला, विरोधी बाजूच्या एका आमदाराकडून विधानसभेत लेखी प्रश्न विचारून घेतला कारण त्याचं उत्तर छापून येतं आणि नाकारता येत नाही. सव्वा वर्ष लागलं. दोन वाड्यांना लाईन आली. तिसरा वाडा उंचावर आहे, तिथे अजून टँकरच जातो आणि मी तिथे गेले की मान खाली घालून जाते.

थोडक्यात तुमच्यासाठी सांगायचं तर राग चार तुकड्यांत मोडा, ज्याचं उत्तर इथे मिळू शकतं तो तुकडा उचला, त्याचा तारीख विचारणारा प्रश्न करा, आणि एकट्याने विचारू नका. वीसच्या वर सह्या असल्या की कोणा एकाला धरता येत नाही. तोंडी काही सांगू नका, इनवर्ड नंबर नसेल तर तो प्रश्न विचारलाच गेला नाही असं समजा. पंचायतीने टाळलं तर आरटीआय, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील. ह्या सगळ्यात कोणाला शिवी द्यायची गरज पडत नाही आणि म्हणून भीतीही कमी वाटते.

टॅक्सीचा धंदा का बसलाय ह्यावर मी बोलणार नाही, तो माझा विषय नाही, तुमच्या युनियनमधले जाणते लोक जास्त सांगतील.

सुरुवात कुठून करायची विचारलंत तर आईपासून करा. गृहआधारचे हप्ते कधी कधी दोन-तीन महिने रखडतात, तुमच्या वाड्यावर दहा-बारा बायकांना तरी हा अनुभव असणार. पासबुकं गोळा करा, कुठल्या महिन्याचा हप्ता कुठल्या तारखेला पडला ते एका कागदावर उतरवा. पुढची ग्रामसभा कधी आहे ते पंचायतीच्या बोर्डावर बघा, त्याच्या आठ-दहा दिवस आधी पत्र द्या. आणि त्या दिवशी तुम्ही बोलू नका, तुम्ही मागे बसा. आईला बोलू द्या, पासबुक तिच्या हातात असू दे.